समुद्रफुलांचा कल

१

बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाला वाल्मीक फ्रीजरमधून कोळंबीचा डबा काढायचा. दोन कोळंब्या वाटीतल्या पाण्यात सुट्या व्हायला ठेवायच्या, कात्रीने त्यांचे नखाएवढे तुकडे करायचे, मग हॉलमध्ये येऊन टाकीतला लाटांचा पंप बंद करायचा. पंप चालू राहिला तर तुकडे वाहून जातात. पाणी थांबायला दोन मिनिटं लागायची. तेवढ्यात तो साबण न लावता कोपरापर्यंत हात धुऊन, लांब चिमटा घेऊन स्टुलावर बसायचा.

टाकी तीन फुटांची, खाऱ्या पाण्याची. मधोमध दगडांची रास आणि तिच्यावर पाच समुद्रफुलं. नावाला फुलं, खरं तर जनावरंच ती. बुडाने दगडाला चिकटलेली, वर करंगळीएवढ्या तपकिरी बोटांचा झुबका आणि मधे तोंड. आरोहीने, त्याच्या मुलीने, एकच आणलं होतं. ते आपणच दुभंगत दुभंगत पाच झालं. आरोही समुद्रातल्या जिवांबद्दल शिकायला गोव्याला गेली, तिथल्या हॉस्टेलवर टाकी नेता येईना, म्हणून वहीत सगळा नेम लिहून देऊन तिने ती बाबांच्या हवाली केली. सकाळी दहाला निळा दिवा, बाराला पांढरा, सातला पुन्हा निळा, नऊला अंधार. दिवे टायमरवर. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज एक तांब्या आरओचं पाणी.

वाल्मीक शेवाळे अठ्ठावीस वर्षं भूकरमापक. शेतांच्या हद्दी मोजण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे नेम त्याला जड गेला नाही. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर तो, हर्षाली आणि त्याची आई बायडाबाई अशी तिघं राहत. दिवसभर माणसांच्या भांडणात उभं राहून आल्यावर या टाकीसमोर बसणं त्याला मनापासून आवडायचं.

पौषातल्या त्या बुधवारी त्याने पंप बंद केला, पाणी थांबलं, आणि पाचही फुलं एका बाजूला कललेली दिसली.

दिवा बरोबर डोक्यावर होता. एरवी ती वर तोंड करून पसरलेली असत. आज सगळी बोटं काचेपलीकडे, हॉलकडे ताणलेली. ओढीला लागल्यासारखी, पण पाण्याला ओढ नव्हती. त्याने सर्वांत मोठ्या फुलाला तुकडा लावला. एरवी बोटं चटकन मिटतात. आज ती मिटली नाहीत. तुकडा घरंगळून वाळूत पडला. दुसरा पडला. तिसराही.

"अहो, झालं का?" स्वयंपाकघरातून हर्षालीने विचारलं.

"आज खात नाहीयेत."

"उपास असेल त्यांचा," ती हसून म्हणाली.

सात वाजले. निळा दिवा लागला. फुलं तशीच कललेली होती.

२

"ती उजेडाकडे झुकतात, बाबा," आरोही फोनवर म्हणाली. तिला त्याने व्हिडिओ पाठवला होता. "बाहेरून कुठून तरी प्रकाश येत असणार. पडदे लावून बघा."

त्याने पडदे लावले. टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद चिकटवला. दिवा वीतभर सरकवला, मग दुसऱ्या टोकाला नेला. पाण्याचा खारेपणा बघितला, उष्णता बघितली. सगळं वहीतल्या आकड्यांबरहुकूम होतं.

"कुणी जवळून गेलं की कळतं का त्यांना?"

"कसं कळेल? डोळे नाहीत, मेंदू नाही. शिवलं तर कळतं. वास कळतो, तोही पाण्यात उतरला तर. तुमच्यात नि त्यांच्यात काच आहे ना!"

"हो, काच आहे," वाल्मीक म्हणाला.

गुरुवारी कामावर निघण्याआधी त्याने पाण्यात हात घातला आणि ज्यावर पाचही फुलं होती तो मधला दगड पाव फेरा फिरवला. आता ती स्वयंपाकघराच्या भिंतीकडे कललेली दिसायला लागली. दगडच वाकडा बसला असेल, बाकी काही नाही, असं म्हणून तो निश्चिंत मनाने गेला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा दगड तसाच होता, आणि फुलं वळून पुन्हा हॉलकडे झाली होती. सगळी. त्याने बूटही न काढता पाच मिनिटं बघितलं. मग बूट काढले, हात धुतले आणि चहा मागितला.

३

उन्हाकडे झुकलेली रोपं एकमेकांना समांतर झुकतात, कारण सूर्य फार लांब असतो. शुक्रवारी वाल्मीकच्या ध्यानात आलं की ही फुलं समांतर झुकलेली नाहीत. डावीकडची थोडी उजवीकडे वळलेली, उजवीकडची थोडी डावीकडे. म्हणजे ती ज्याच्याकडे कललेली होती ते लांब नव्हतं.

त्याने टाकीवर पारदर्शक कागद अंथरला, वरून बघत प्रत्येक फुलाच्या कलाचा बाण काढला आणि बाणांच्या सरळ रेषेत पाच दोरे हॉलमध्ये ताणले. समोरच्या काचेवर पट्टी धरून उंचीही काढली. मोजणीचा पाया, म्हणजे टोकांच्या दोन फुलांमधलं अंतर, जेमतेम दीड फुटाचा, त्यामुळे चूक मोठी येणार हे त्याला माहीत होतं. साहेबांनी अशी मोजणी तोंडावर फेकली असती. म्हणून त्याने ती तीनदा केली.

तिन्ही वेळा दोरे एकाच जागी जुळले. मुख्य दाराच्या आत हातभर अंतरावर, चपलांच्या कपाटाशेजारी. जमिनीपासून चार फूट वर. तिथे काही नव्हतं. त्याने त्या जागेत हात फिरवला. हवा होती, थंडीची, जशी सगळ्या घरात होती.

फरशीवर त्याने खडूने खूण केली.

थोड्या वेळाने बायडाबाई काठी टेकत देवदर्शनाहून आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, पण गल्लीच्या टोकाच्या मंदिरापर्यंत रोज एकटी जायची. दारातून आत आली, चपला काढल्या, आणि सरळ न येता भिंतीला घसटून, खुणेला वळसा घालून सोफ्याशी पोचली.

"खडू पुसला तरी चालेल आई, रांगोळी नाही ती," वाल्मीक म्हणाला.

"कसला खडू?" तिला मोतीबिंदू. खाली काही काढलंय हे तिला दिसलंच नव्हतं.

"मग वळसा कशाला घातलास?"

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, जसं काही त्यानेच खुळ्यासारखं विचारलं होतं.

"जागा नाय तिथं," ती म्हणाली, आणि गुडघे चोळत बसली.

४

शनिवारी दोरे खुणेवर जुळले नाहीत. सव्वा फूट आत जुळले.

रविवारी आणखी सव्वा फूट. सोमवारी आणखी. रोज संध्याकाळी साडेसहाला वाल्मीक मोजायचा आणि पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा. उंची बदलत नव्हती, चार फूट ती चार फूट. फुलं काही खात नव्हती. बोलावल्यासारखी ताणलेली असत आणि रोज किंचित जास्त वळत.

काहीतरी चूक आहे, असं तो स्वतःला सांगत होता. टाकीचं टेबल खचत असेल. पाण्याची पातळी बदलत असेल. आपणच, पहिल्या दिवशी जे मिळालं ते मिळावं म्हणून, नकळत दोरा ओढत असू. असे लोक त्याने पाहिले होते. बांध आपल्या बाजूने निघावा म्हणून साखळी धरणाऱ्याकडे टक लावून बघणारे.

मग आठव्या दिवशी ठिपका वळला.

तोपर्यंतचे सगळे ठिपके एका रेषेत होते आणि ती रेष जेवणाच्या टेबलातून जात होती. खचणारं टेबल, बदलणारं पाणी, ओढला जाणारा दोरा, यांतल्या कशालाही समोर जेवणाचं टेबल आहे हे कळायचं कारण नव्हतं. पण ठिपका टेबलाच्या कोपऱ्याला वळसा घालून गेला. नवव्या दिवशी तो खुर्चीच्या मागून गेला. हर्षालीने ती खुर्ची सकाळी झाडताना बाहेर ओढून ठेवली होती.

वाल्मीक फरशीवर उकिडवा बसून राहिला.

ठिपके आता बोळाकडे निघाले होते. बोळात समोरासमोर दोन दारं. डावं त्याचं नि हर्षालीचं, उजवं आईचं.

५

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. हर्षाली शाळेत गणित शिकवायची. तिने चष्मा लावला, त्याच्या हातातून कागद घेतला, "तुम्ही आत जाऊन बसा," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. अर्ध्या तासाने तिने बोलावलं तेव्हा ती त्याच्या ठिपक्यापासून दोन पावलं लांब उभी होती. तिचा दोरा त्याच ठिपक्यावर आला होता.

"आई गेले आठ दिवस टेबलाच्या पलीकडून ये-जा करतायत," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, गुडघा दुखत असेल."

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मला ही टाकी घरात नको. उद्याच्या उद्या कुणाला तरी देऊन टाका."

"टाकी गेली म्हणजे ते जाईल का?"

ती हातातला दोरा गुंडाळायला लागली.

"ते कुठे आलंय एवढं तरी आत्ता कळतंय," वाल्मीक म्हणाला. "टाकी दिली की तेही कळणार नाही."

हर्षाली खाली बसली. शेवटी तिनेच मार्ग काढला. आईंना थोडे दिवस कळवणला, गोरक्षभाऊजींकडे ठेवू. तशाही त्या किती महिने घरी जायचं म्हणतायत.

खरं होतं ते. बायडाबाईला नाशिकला आणून दीड वर्ष झालं होतं, डोळ्यांसाठी, गुडघ्यांसाठी. ती महिन्या-दोन महिन्यांनी विचारायची, आणि वाल्मीक म्हणायचा, पुढच्या तपासणीनंतर जाऊ. आता त्याने सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. पिशवीत दोन लुगडी आणि औषधाचा डबा भरून ती मोकळी झाली.

पण गोरक्ष, त्याचा धाकटा भाऊ, फोनवर म्हणाला, "दादा, आठ दिवस थांब ना. फरशी बसवायचं काम चालू हाय, घरात पाय ठेवाया जागा नाय. म्हातारी घसरून पडली तं?"

वाल्मीक काय सांगणार होता? बोटांवर दिवस मोजत तो "बरं" म्हणाला.

पिशवी भरलेली तशीच दाराशी राहिली. ठिपके बोळात शिरले. पंधराव्या दिवशी ते उजवीकडे वळले.

६

खडूच्या खुणेनंतरचा सोळावा दिवस रविवार होता. दुपारी जेवण झाल्यावर वाल्मीक आईच्या खोलीत खुर्ची घेऊन बसला. हर्षाली दारात उभी होती. मोजायची आता गरज नव्हती. आदल्या दिवशीचा ठिपका उंबऱ्याच्या आत होता आणि तिथून पलंग सव्वा फुटावर.

बायडाबाई भिंतीला पाठ लावून कुशीवर निजली होती. एवढ्या रुंद पलंगावर एका कडेला अंग चोरून. अर्धा पलंग मोकळा.

"एवढी भिंतीला का चिकटलीस, आई? सरक अलीकडे."

"जागा द्याया नको?"

"कुणाला?"

तिने गोधडीतून हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला. हात ऊबदार होता.

"घरी कधी न्यायचं?"

"फरशी झाली की. बुधवारी, गुरुवारी."

"लय दिवस होत्यात रे," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मग तिने गावच्या विहिरीचं विचारलं, गोरक्षच्या कांद्याचं विचारलं, आरोही जेवते का नीट ते विचारलं. ऊन पलंगावरून खाली उतरलं, फरशीवरून गेलं. हर्षालीने दिवा लावला. काही घडलं नव्हतं. वाल्मीकला स्वतःची थोडी लाजही वाटायला लागली.

"साडेसहा झाले असतील," म्हातारी म्हणाली. "तू जा. त्यांना खायाला घाल. किती दिसांची भुकेली हायेत."

तो उठला. हर्षाली त्याच्या जागी बसायला पुढे आली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती गॅस बंद करायला गेली. अर्धं मिनिट, फार तर.

वाल्मीकने पंप बंद केला. पाचही फुलं बोळाकडे ताणलेली होती. तो बघत असतानाच ती हलायला लागली. घड्याळाचा मिनिटकाटा सरकावा तशी नाही, त्याहून भराभर. बोळातून हॉलकडे, टेबलाच्या कडेने, दाराच्या दिशेने. सगळी मिळून कुणाला तरी वाट दाखवल्यासारखी वळत गेली. मधे एका क्षणी ती गपकन मिटली, काचेवर सावली पडल्यासारखी.

त्या क्षणी वाल्मीक बाजूला झाला होता. एक पाऊल मागे, भिंतीला पाठ लावून. का, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही. आंधळ्याला रस्ता द्यावा तसा त्याने रस्ता दिला होता.

मग फुलं उमलली. वर, दिव्याकडे. त्याने तुकडा लावला आणि बोटं कडकडून मिटली.

"वाल्मीक," खोलीतून हाक आली. "चहा आहे का?"

तो धावत गेला. आई पलंगावर ताठ बसली होती, मोकळ्या ठेवलेल्या बाजूला. भिंतीकडच्या बाजूला गोधडीत तिच्या अंगाचा खळगा तसाच होता.

७

ती बरी झाली. दुसरा शब्द नव्हता. पाठ सरळ झाली, काठी कोपऱ्यात पडून राहिली, भूक वाढली. हॉलमधून ती सरळ चालायला लागली, जिथून वाटेल तिथून. मंगळवारी तिने पिशवीतली लुगडी काढून कपाटात परत लावली. "कळवणला कशाला? इथे चांगलं आहे," म्हणाली.

"आहे म्हणतात त्या," रात्रीची भाकरी करताना हर्षाली म्हणाली. "इथे म्हणतात. आईंच्या तोंडून कधी ऐकलं होतंत?"

"टीव्हीवरच्या मालिका ऐकून येत असेल."

"हो. तसंच असेल."

डॉक्टरांनी तपासलं. या वयात मेंदूत बारीकशी गुठळी होऊन जाते, बोलण्यात, सवयीत फरक पडतो, काळजीचं काही नाही, असं ते म्हणाले. वाल्मीकने ते घट्ट धरून ठेवलं. पटण्यासारखं होतं. मोजता येण्यासारखं होतं. आणि म्हातारी सुखात होती, मग दुसरं काय हवं?

मंगळवारीच संध्याकाळी गोरक्षचा फोन आला. आधी तो आईशी बोलला, मग त्याने फोन दादाला द्यायला सांगितला.

"दादा, आई बरी हाय ना?"

"बरी आहे. का रे?"

पलीकडे गोरक्षने आवाज खाली आणला.

"मला ती तुम्ही म्हणली. 'तुम्ही कसे आहात', असं."

वाल्मीकने मान वळवली. आई सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघत होती. हसली. दात तिचेच होते, तोच पुढचा एक पडलेला.

८

बुधवारी त्याने पंप बंद केला तेव्हा फुलं पुन्हा कललेली होती. या वेळी घराकडे पाठ करून, गॅलरीकडे.

त्याने कागद अंथरला. दोरे गॅलरीच्या कठड्याबाहेर जात होते आणि घरात कुठेच जुळत नव्हते. जवळजवळ समांतर. म्हणजे लांब. पण एक गोष्ट आधी कधी झाली नव्हती. तीन फुलांचा कल एकीकडे होता आणि उरलेल्या दोनांचा किंचित दुसरीकडे. दोन जागा. शेजारी शेजारी.

गॅलरी उत्तरेला. त्या अंगाला नदी, नदीपलीकडे दिंडोरी, वणी, आणि मग कळवण, आईचं गाव.

तो चपला अडकवून खाली उतरला. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता, संध्याकाळच्या वर्दळीने तुडुंब. वाल्मीक कडेला उभा राहिला आणि बघत राहिला. काय बघायचं हे त्याला माहीत नव्हतं, आणि म्हणून सुरुवातीला काहीच दिसलं नाही.

मग दिसलं. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाच्या अलीकडे, एक रिकामी जागा होती. दोन माणसं उभी राहतील एवढी. स्कूटर येत होत्या आणि तिथे आल्या की हँडल किंचित वळवून पुढे जात होत्या. रिक्षा वळली. भाजीची हातगाडी वळली. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी मान वळवत नव्हतं. चालवणाऱ्यांना आपण वळलो हे ठाऊकही नसावं. आणि ती रिकामी जागा सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या चालीने, पलीकडे सरकत होती.

"आई," वाल्मीक म्हणाला. त्याने पुन्हा मोठ्याने हाक मारली. "आई, थांब!"

जागा थांबली. एक दुधाची गाडी करकचून ब्रेक लावून तिच्यामागे उभी राहिली. चालक बावचळून समोर बघत होता.

वाल्मीकने रस्त्यावर पाऊल टाकलं.

"वाल्मीक!" वरून हाक आली. खणखणीत, आईच्याच आवाजात. "कुठे चाललास? वर ये."

त्याने मागे वळून वर बघितलं. गॅलरीत आई कठड्याला धरून उभी होती, ताठ. शेजारी हर्षाली, पांढरीफटक. आईचा हात हर्षालीच्या खांद्यावर होता.

तो क्षणभरच बघत राहिला. पण रस्त्याकडे मान वळवली तोपर्यंत दुधाची गाडी निघून गेली होती आणि दोन स्कूटर त्या जागेतून सरळ गेल्या. मग एक बस गेली. सगळा रस्ता भरून वाहत होता.

तो वर गेला. हर्षालीला एकटं ठेवता येणार नव्हतं.

९

शुक्रवारी रजा टाकून तो एकटाच कळवणला गेला. हर्षालीला त्याने त्या दिवसापुरतं तिच्या बहिणीकडे जायला सांगितलं होतं. ती नाही म्हणाली. "मी गेले तर त्या विचारतील कुठे गेली म्हणून," एवढंच तिने कारण दिलं.

गोरक्षचं घर गावाबाहेर, कांद्याच्या शेताला लागून. नवी फरशी चकचकत होती. गोरक्षने ती कौतुकाने दाखवली, चहा दिला, आईचं विचारलं. वाल्मीकने तुटक उत्तरं दिली. मग तो माळ्यावर चढला, आईची जुनी खाट काढली, धूळ झटकली, सुंभ ताणून बघितला आणि ती बाहेर अंगणात, नाशिककडून येणाऱ्या वाटेकडे तोंड करून टाकली. शेजारी पाण्याने भरलेली कळशी आणि पेला ठेवला. थोडा विचार करून आणखी एक पेला ठेवला.

"हे कोणासाठी?" गोरक्षने विचारलं.

"आईसाठी."

"आई तं तुझ्याकडं हाय, दादा."

वाल्मीकने दोन्ही पेले शेजारी शेजारी लावले. वाटेवर ऊन पडलं होतं. लांबवर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता. त्याने खाटेबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नाशिकहून निघताना त्याच्या स्वतःच्याही मनात ते नव्हतं.

खिशात फोन वाजला. हर्षाली होती. ती फार सांभाळून, एकेक शब्द वेगळा करून बोलत होती, जवळ कुणीतरी उभं असल्यासारखी.

"अहो, आई म्हणतायत, ती खाट आत घ्यायला सांगा. लगेच." ती थांबली. "कुठली खाट हो?"

वाल्मीकने फोन बंद केला. गोरक्षने दोन्हीकडचं अर्धवट ऐकलं होतं. तो खाटेच्या पायाला हात लावून वाकला.

"आत घेऊ का मग? रातच्याला दव बी लय पडतं."

"नको," वाल्मीक म्हणाला. "राहू दे तिथंच. वर गोधडी टाक."